न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर

येथें कंधारांत आमच्या शेजारच्या एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंस स्तनाचा कर्करोग झाला. औषधयोजना ठरविण्यासाठीं मुंबईस त्यांच्या गांठीची जनुकीय तपासणी व्हावयाची होती. त्या वेळीं डॉक्टरांनीं विचारलें, “या तपासणींत तुमच्या कुळांतून आलेला एखादा दोष दिसला, तर तो तुम्हांस कळवावा काय?” घरांत आठ दिवस खल झाला. सासरेबुवांस नातींच्या विवाहाची चिंता. अखेर सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, कळल्यानें दोष जडत नाहीं, आणि न कळल्यानें तो जात नाहीं. मला कळूं द्या.”

असा प्रसंग यापुढें अनेक घरांवर येईल. म्हणून त्याचें स्वरूप येथें सांगतों.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तेव्हां शस्त्रक्रिया व किरणोपचार हेच कर्करोगावरील मुख्य उपाय होते. आज गांठींतील जनुकेंही वाचतां येतात. त्यांत आढळणारे बहुतेक फेरफार गांठींतच मागाहून उद्भवलेले असतात. ते संततींत उतरत नाहींत. पण केव्हां केव्हां जन्मतःच सर्व शरीरांत असलेला फेरफारही उघडकीस येतो. तो खरोखर वंशगत आहे कीं काय, याचा निर्णय रक्ताच्या किंवा लाळेच्या स्वतंत्र तपासणीनें करावा लागतो. १९९४ सालीं बीआरसीए-१ आणि १९९५ सालीं बीआरसीए-२ हीं जनुकें हातीं लागलीं. त्यांत घातक फेरफार असलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ७० जणींस ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव असतो. मात्र तो आधीं कळल्यास तरुणपणापासून एमआरआय तपासणी ठेवतां येते. रुग्णासही ओलापॅरिबसारखें औषध उपयोगी पडेल काय, तें समजतें.

सांगावें कीं न सांगावें, याविषयीं वैद्यांतही मतभेद झाला. अमेरिकेतील आनुवंशिक वैद्यकाच्या संस्थेनें २०१३ सालीं ५६ जनुकांची यादी करून, त्यांतील दोष रुग्णानें न विचारतांही कळवावे, असें सुचविलें. त्यावर टीका झाली, आणि २०१४ सालीं रुग्णास ‘नको’ म्हणण्याची मुभा मिळाली. परदेशीं झालेल्या पाहण्यांत बहुसंख्य रुग्ण ‘कळावें’ असेंच म्हणतात. मुलाबाळांचें हित हें त्याचें एक मोठें कारण. ज्यावर उपाय नाहीं, तें ऐकण्यास मात्र कित्येक नाखूष असतात.

आपल्याकडे दोष निघाला कीं सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्याची खोड आहे. गोत्र पित्याकडून येतें. जनुक गोत्र पाहत नाहीं. असा फेरफार आईकडून वा बापाकडून, मुलास वा मुलीस, सारख्याच संभवानें उतरतो. आणि तो संभव दोहोंत एक असा असतो. बीआरसीए-२ मधील दोषानें पुरुषांसही प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सूनबाईंच्या गांठींत दोष निघाला. रक्ताच्या तपासणीनेंही तो खरा ठरला. त्यांनीं पहिलें पत्र माहेरीं भावास लिहिलें. थोरल्या मुलीनें तपासणी करून घेतली. तिच्यांतही तो आढळला. धाकटी म्हणाली, “मला अजून नको,” आणि आईनें तिचा शब्द मानला. सासरेबुवा आतां म्हणतात, “स्थळ पाहतांना लपवालपवी नको, पण सांगावयाचें तें तिनेंच सांगावें.” वडीलधाऱ्यांचें कर्तव्य आम्हांसही इतकेंच दिसतें कीं, जाणूं इच्छिणाऱ्यास अडवूं नये, आणि न इच्छिणाऱ्यावर तें ज्ञान लादूं नये.