सोमवारची सकाळ जड का जाते?

शनिवारी रात्री सिनेमा, रविवारी दहापर्यंत झोप. मग सोमवारी सहाचा गजर नकोसा होतो. हा आळस नव्हे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २० हजार पेशींचं घड्याळ असतं. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते रोज वेळ जुळवतं. सुटीत सकाळचा उजेड उशिरा मिळाला, रात्री दिवे जळत राहिले, की ते मागे पडतं आणि रविवारी रात्री झोप येत नाही. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग यांनी याला ‘सोशल जेटलॅग’ म्हटलं. विशीच्या आसपास हे घड्याळ मुळातच उशिराचं असतं. त्या पोरांना ऊठसूट आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. राहिलेली झोप दुपारी थोडं लवंडून भरून काढा. सकाळी मात्र नेहमीच्या वेळेच्या आसपासच उठा आणि चहा गॅलरीत, उजेडात बसून घ्या.