चर्चचे युवा मंडळ : पालकांसाठी

म्हणजे काय? धर्मग्रामातल्या तरुण मुलामुलींचा गट. रविवारच्या धर्मशिक्षणाला ठरलेला अभ्यासक्रम असतो. युवा मंडळाचे बरेचसे कार्यक्रम मात्र मुलेच आखतात. सोबत धर्मगुरू किंवा सिस्टर आणि मोठ्या वयाचे मार्गदर्शक.

वर्षभर : गायकवृंद, रिट्रीट, रक्तदान शिबिर, फुटबॉलचे सामने. खरी धांदल डिसेंबरात. वसईत नाताळचा गोठा उभारायचा म्हणजे बांबू, पेंढा, दिव्यांच्या माळा आणि रात्री उशिरापर्यंतची जागरणे. घरी परतण्याची वेळ आणि सोबत आधीच ठरवलेली बरी.

काही सने
• १८४४ : लंडनमध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवा संघटनेची स्थापना.
• १९८६ : पहिला जागतिक युवा दिन, पुढाकार पोप जॉन पॉल दुसरे यांचा.
• १९९८ : मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत.

शिबिराआधी विचारा : जबाबदारी कोणाची? मुक्काम कुठे? मुलींसोबत महिला मार्गदर्शक आहेत का? मुलाची औषधे, अ‍ॅलर्जी लेखी कळवा.

कायदा : बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर ती पोलिसांना देणे बंधनकारक. संस्थेची अंतर्गत चौकशी त्याला पर्याय ठरत नाही. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, मोफत, २४ तास. मुलांनाही हा क्रमांक पाठ हवा.