उंदीर मेला नाही, म्हणजे पदार्थ निर्धोक?

उन्हात निघण्यापूर्वी लावायचे सनस्क्रीन पूर्वी चेहऱ्यावर पांढऱ्या लेपासारखे दिसे. आता तेच मलम लावताक्षणी दिसेनासे होते. ही किमया आहे झिंक ऑक्साइड आणि टायटेनियम डायॉक्साइड या धातूंच्या ऑक्साइडांच्या अतिसूक्ष्म कणांची. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. रंग आणि मलमांमध्ये ही ऑक्साइडे कित्येक दशके वापरात आहेत. मग जुन्याच पदार्थाची विषारीपणासाठी नव्याने तपासणी कशाला?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. साडेपाचशे चौरस फुटांच्या जवळजवळ बारा सदनिकांएवढे हे क्षेत्रफळ! वजन मात्र तेवढेच राहते. शरीरातील द्रव आणि पेशी यांच्याशी कणांचा संबंध पृष्ठभागावरच येत असल्यामुळे लहान कण अधिक क्रियाशील ठरू शकतात. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९०च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, समान वजनाच्या टायटेनियम डायॉक्साइडपैकी सुमारे २५० नॅनोमीटरच्या कणांपेक्षा २० नॅनोमीटरच्या कणांनी फुप्फुसांत अधिक दाह निर्माण केला.

चाचणी कशी होते?

एखाद्या पदार्थाची एकच मात्रा दिल्यावर अल्पावधीत काय अपाय होतो, हे तात्कालिक विषारीपणाच्या चाचणीत पाहतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये यासाठी एक मापदंड मांडला. निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात, ती मात्रा शोधायची. त्यासाठी प्राण्यांचे अनेक गट बळी पडत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) तोंडावाटे मात्रा देण्याची ही जुनी पद्धत २००२ मध्ये आपल्या मार्गदर्शिकांतून वगळली. तिच्या जागी आलेल्या एका पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर केवळ तीन प्राणी, बहुधा मादी उंदीर, घेतले जातात. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५, ५०, ३०० किंवा २००० मिलिग्रॅम यांपैकी एक मात्रा देऊन १४ दिवस त्यांचे वजन, हालचाली आणि लक्षणे नोंदवतात. त्यानंतर शवविच्छेदन करून अवयव तपासतात.

नॅनोकणांच्या बाबतीत मात्र आधीच अडचण उभी राहते. पाण्यात मिसळताच हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. बाटलीवर २० नॅनोमीटर लिहिलेले असले, तरी उंदराच्या पोटात कितीतरी मोठा पुंजका जाऊ शकतो. म्हणून ध्वनिलहरींनी पुंजके फोडणे आणि मिश्रणातील कणांचा आकार मोजणे अत्यावश्यक ठरते. शिवाय झिंक ऑक्साइड जठरातील आम्लात विरघळते. त्यामुळे आढळलेला अपाय कणांचा की विरघळलेल्या जस्ताचा, हेही वेगळे करावे लागते.

मृत्यू नाही, पण इजा आहे

चीनमधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. पांढऱ्या उंदरांना दर किलो वजनामागे तब्बल ५ ग्रॅम टायटेनियम डायॉक्साइड तोंडावाटे एकदाच देण्यात आले. साठ किलोच्या माणसाच्या हिशेबात हे प्रमाण ३०० ग्रॅम होते. दोन आठवड्यांत तात्कालिक विषारीपणाची ठळक लक्षणे दिसली नाहीत. पण रक्त आणि ऊती तपासल्या, तेव्हा यकृत आणि मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आढळले. कण आतड्यांतून पुढे जाऊन यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे आणि फुप्फुसांत साठले होते.

एवढी प्रचंड मात्रा रोजच्या जीवनात कोणाच्याही पोटात जात नाही, म्हणून या निष्कर्षाने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ‘प्राणी मेला नाही’ हे उत्तर फक्त एकाच प्रश्नाचे आहे. अल्प मात्रा वर्षानुवर्षे शरीरात गेल्यास काय होते, हा प्रश्न वेगळा असून त्यासाठी दीर्घकालीन चाचण्याच लागतात. टायटेनियम डायॉक्साइडचा तात्कालिक विषारीपणा कमी असूनही, ते जनुकीय इजा करण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये म्हटले आणि खाद्यरंग म्हणून त्याच्या वापरावर युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंदी घातली. शरीरात शिरण्याचा मार्गही महत्त्वाचा असतो. निरोगी त्वचा हे कण सहसा आत जाऊ देत नाही. चिंता अधिक आहे ती श्वासावाटे जाणाऱ्या फवाऱ्याची आणि कारखान्यातील धुळीची.

भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ पासून बंदी आहे. अन्य प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची संमती लागते. हे बंधन योग्यच आहे, कारण कणांचा आकार न मोजता केलेल्या चाचणीत प्राण्यांचा जीव जातो आणि ज्ञानात मात्र भर पडत नाही. यापुढे ‘चाचणीत सुरक्षित ठरलेले’ अशी जाहिरात वाचताना कोणती चाचणी, किती दिवसांची आणि कोणत्या आकाराच्या कणांची, हे तीन प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावेत.