घरोघरच्या सरकारी पाहण्या : खरी माहिती देण्यात आपलेच हित

कापडाची गाठ दुकानात आली की आम्ही सगळेच तागे उलगडून पाहत नाही. वरचा एक, मधला एक, तळाचा एक असे दोन-चार तागे काढतो, पन्हा मोजतो, सूत पाहतो, रंग चोळून बघतो आणि साऱ्या गाठीचा भाव ठरवतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. मात्र माल पाठवणाऱ्याने चांगले तागे मुद्दाम वर रचले असतील, तर परीक्षा चुकते आणि नुकसान आपले होते. सरकारच्या घरोघरच्या नमुना पाहण्याही ह्याच रीतीने चालतात. त्यात तागा म्हणजे आपले घर.

आमच्या व्यापारी व कारीगर बंधूंमध्ये या पाहण्यांविषयी गैरसमज फार आहेत. कोणी म्हणतो, हे इन्कम टॅक्सवाले आहेत. कोणी म्हणतो, कागदपत्रे तपासायला आले आहेत. म्हणून दार लावून घेतले जाते किंवा काहीतरी सांगून माणसाची बोळवण केली जाते. हकीकत काय आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट, खानेसुमारी वेगळी आणि नमुना पाहणी वेगळी. खानेसुमारी, म्हणजे जनगणना, प्रत्येक माणसाची होते. भारतात ती 1881 पासून दर दहा वर्षांनी होत आली. 2021 ची जनगणना मात्र लांबली आणि पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली. नमुना पाहणीत सगळ्यांना विचारत नाहीत. प्राध्यापक महालनोबिस यांच्या पुढाकाराने 1950 साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत 1,833 खेडी घेतली होती. आज हे काम राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करते. आधी गावे आणि शहरांतले छोटे विभाग निवडतात, मग तिथल्या घरांची यादी करून त्यातली थोडी घरे ठरलेल्या पद्धतीने काढतात. पाहणीवाल्याला आपल्या मर्जीने घर बदलता येत नाही.

2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशभरातून 2,61,953 कुटुंबे घेतली गेली. 2011 च्या जनगणनेतली सुमारे 25 कोटी कुटुंबे धरली, तर निवडलेले एक घर सरासरीने साडेनऊशे घरांच्या वतीने बोलते. एका घराने दार लावले किंवा खोटे सांगितले, तर त्या साऱ्यांचा हिशेब बिघडतो.

आता आमचीच चूक सांगतो. 2018 साली आमच्या घरी श्रमबळाच्या पाहणीची एक तरुण मुलगी आली. ही पाहणी 2017 पासून चालू आहे. तिने विचारले, "चाचा, घरात कोण कोण काय काम करतं?" आम्ही सांगितले, आम्ही आणि मुलगा दुकान पाहतो, बायका घरीच असतात, काही करत नाहीत. तिने लिहून घेतले आणि गेली. रात्री जेवताना घरच्यांनी विचारले, "दुकानातल्या साड्यांना पिको-फॉल कोण करतं? ओढण्यांना गोटा कोण लावतं? ते काम नाही का?" आमच्याकडे जवाब नव्हता. आमची बायको आणि सून वर्षानुवर्षे दुपारभर हे काम करत आल्या होत्या. बाहेर करून घेतले असते, तर प्रत्येक नगामागे मजुरी मोजावी लागली असती.

त्या वेळी शहरात एकाच घरी चार वेळा येण्याची पद्धत होती. ती मुलगी तीन महिन्यांनी पुन्हा आली आणि मागच्या सात दिवसांत कोणी काय केले ते विचारू लागली. या खेपेला आम्ही बाजूला बसलो आणि घरच्यांनी स्वतः सांगितले.

यातला नियम कारीगर बंधूंनी लक्षात ठेवावा. घरच्या वापरासाठी कपडा शिवला तर तो रोजगार धरत नाहीत. पण विकण्यासाठी, मजुरीवर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी मदत म्हणून केलेले काम रोजगारातच मोजतात. मागच्या वर्षाचा विचार करताना मुख्य कामाशिवाय 30 दिवस किंवा जास्त केलेले दुय्यम कामही धरतात. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडे ज्या घरांत बायका कांड्या भरतात, काज-बटण करतात, त्या घरातल्या पुरुषाने "घरकाम करते" एवढेच सांगितले की ती बाई कामगारांच्या आकड्यातून बाहेर पडते. पुढे कारीगर बायकांसाठी योजना आखायची वेळ आली, तर कागदावर त्या थोड्याच दिसतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा जनगणनेला मर्दुमशुमारी म्हणत. मर्दुम म्हणजे माणसे, निव्वळ मर्द नव्हेत. घरातले उत्तर देतानाही हे ध्यानात असावे.

खर्चाच्या पाहणीचे तसेच आहे. धान्य, तेल, औषध, फी, कपडे यांवर घरात किती खर्च होतो ते विचारतात. 2023-24 मध्ये दरमहा दरडोई सरासरी खर्च खेड्यात 4,122 रुपये आणि शहरात 6,996 रुपये निघाला. अशाच पाहणीवरून महागाईच्या निर्देशांकात कोणत्या जिनसेला किती वजन द्यायचे ते ठरते. 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात कपडे आणि पादत्राणे मिळून वजन 6.53 टक्के होते. तो आधार 2011-12 च्या पाहणीचा. मधली 2017-18 ची पाहणी झाली, पण तिचे निकाल सरकारने दर्जाचे कारण देऊन जाहीर केले नाहीत. त्यामुळे जुन्याच मापाने बरीच वर्षे मोजणी झाली. तेव्हा दोष नेहमी सांगणाऱ्याचाच असतो असे नाही. पण आपल्या हातात आपले उत्तर तेवढे आहे.

आता आपल्या समाजापुरते बोलू. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीचा 2006 चा अहवाल सर्वांनी ऐकला आहे. मुसलमानांची साक्षरता 59.1 टक्के आणि देशाची 65.1 टक्के, हा आकडा त्यात 2001 च्या जनगणनेतून आला. काम करणाऱ्या मुसलमानांत सुमारे 61 टक्के लोक स्वतःचा धंदा किंवा कारीगरी करणारे, हा आकडा नमुना पाहणीच्या 2004-05 च्या फेरीतून आला. कोणा घरातल्या बुजुर्गाने दारात बसून खरे सांगितले, म्हणून समितीला हे लिहिता आले.

आकडा अफवेलाही उत्तर देतो. मुंबईत देवनारला असलेली लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम पाहते. 1992-93 च्या पहिल्या पाहणीत मुसलमान स्त्रीमागे सरासरी 4.4 मुले होती, 2019-21 च्या पाचव्या पाहणीत ती 2.36 वर आली. लोकसंख्येवरून आपल्याला टोमणे मारले जातात, तेव्हा रागापेक्षा हा आकडा जास्त कामाचा.

भीतीची गोष्ट आम्ही टाळत नाही. जानेवारी 2020 मध्ये काही ठिकाणी नमुना पाहणीच्या लोकांना अडवले गेले. लोकांना वाटले की नागरिकत्वाची नोंद चालली आहे. फरक असा : राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही ही 1955 चा नागरिकत्व कायदा आणि 2003 चे नियम यांखाली येते. जनगणना 1948 च्या जनगणना कायद्याखाली होते. तिच्यात उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि तिची नोंद कोणाला पाहायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. नमुना पाहणी ह्या दोहोंहून वेगळी. तिच्या अहवालात नाव-पत्ता नसतो आणि अभ्यासकांना दिली जाणारी घरोघरची माहितीही नाव-पत्ता काढूनच देतात.

म्हणून पाहणीवाला आला की आधी ओळखपत्र पाहावे. कोणती पाहणी, कोणत्या कार्यालयाची, हे विचारावे; विचारणे आपला हक्क आहे. शंका वाटल्यास त्या कार्यालयात चौकशी करावी. बँक खात्याचा नंबर, ओटीपी किंवा पैसे मागणारा माणूस पाहणीवाला नव्हे, त्याला दारातूनच परत पाठवावे. माणूस खरा निघाला, तर मग त्याला बसवावे, पाणी द्यावे, घरातल्या बायकांना स्वतः बोलू द्यावे आणि जसे आहे तसे सांगावे. तंगी लपवू नये, बरकतही लपवू नये.

गिऱ्हाइकाला आपण कापड मापात देतो. आपल्या घराची माहिती देतानाही माप पुरे असावे.