प्राणिसंग्रहालयातली बाग कोण सांभाळतं?



मुंबईत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला 'राणीची बाग' म्हटलं की हत्ती आठवतो, माकडं आठवतात. पण नावाकडे नीट बघा, ती बाग आहे. १८६२ साली भायखळ्याला ती लोकांसाठी उघडली ती बाग म्हणूनच. प्राणी मागाहून आले. आजही तिथं गेलात तर गोरखचिंचेच्या त्या अवाढव्य बुंध्यापाशी जरा थांबा. आपण मात्र फाटकातून आत शिरतो आणि थेट वाघाचा पत्ता विचारतो. वाटेतली झाडं म्हणजे आपल्या लेखी नुसती सावली.

माझी नोकरी या सावलीची होती. एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात मी उद्यान विभागाचा प्रमुख होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, त्या संस्थेची नव्हे. हाताखाली चाळीसेक माणसं होती: माळी, गवत कापणारे, झाडावर चढून फांद्या उतरवणारे, रोपवाटिकेतल्या बायका, पंपावरचे दोघं. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे तुम्ही फुलझाडं लावता?" लावायचो, फाटकापाशी. बाकी सगळ्या आवारात रोप खड्ड्यात जाण्याआधी एकच गोष्ट बघायची, की हे कोण खाणार आहे.

घरच्या बागेत झाड दिसायला कसं आहे, ऊन किती लागतं, पाणी किती लागतं, एवढं बघून भागतं. इथं हरणाची मान कुंपणातून कुठपर्यंत येते ते बघावं लागतं. वारा आला की पानं कुठल्या बाजूला पडतात तेही. आपल्या अंगणातली निम्मी लाडकी झाडं या परीक्षेत नापास होतात. कण्हेर हृदयावर परिणाम करते. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तीही तशीच. घाणेरी रवंथ करणाऱ्या जनावराचं यकृत बिघडवते, मग उन्हात त्याची कातडी सोलवटते. एरंडाची बी तर तुम्हाला माहीतच आहे. सुबाभूळ गाई-शेळ्यांना बेतानं चालते, पण जी जनावरं रवंथ करत नाहीत त्यांचे केस गळतात. आणि कोवळी ज्वारी जनावराला लागते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. ठेकेदाराच्या चाऱ्याच्या ट्रॉलीत ती आली तर ओळखायची कुणी? तेही काम आमच्याकडेच होतं.

उलट बाजूला खाऊ घालायची झाडं. वड, पिंपळ, उंबर, बांबू. पाला खाणाऱ्या जनावराला नुसतं गवत घालून भागत नाही, त्याला फांदी ओढायला, साल सोलायला, पान निवडायला मिळालं पाहिजे. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात लाल पांडा आहेत. त्यांचं मुख्य अन्न बांबूचा पाला. तिथं झाडं बघणारा माणूस हा स्वयंपाकघरातलाच माणूस म्हणायला हवा.

आवारात झाड जगवणं ही वेगळीच कुस्ती आहे. हत्ती साल काढतो, गवा बुंध्याला शिंगं घासतो, हरणं रोपाचा शेंडाच ठेवत नाहीत. बुंध्याभोवती जाळी लावतो, मोठे दगड रचतो. मला स्वतःला सगळ्यांत पटलेला उपाय साधा आहे: झाड कुंपणाच्या बाहेर लावा आणि फांदी आत झुकू द्या. मूळ आपलं, पाला त्यांचा. पण वानरांच्या किंवा बिबट्याच्या आवाराशेजारी हेच केलंत तर तुम्ही त्यांना शिडी लावून दिलीत. उन्हाळ्यात लांब वाटणारी फांदी पावसाळ्यात वाढते, पानांच्या ओझ्यानं खाली येते, आणि ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी उडीच्या टप्प्यात असते. म्हणून फांद्यांची फेरी आम्ही पावसाळ्यात दर आठवड्याला काढायचो.

हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकनं १९०७ मध्ये गजांऐवजी खंदकाआड प्राणी दाखवणारं प्राणिसंग्रहालय उघडलं आणि जगभर ती पद्धत पसरली. खंदक दिसू नये म्हणून झाडं हवीत, आणि त्याच झाडांनी खंदक फुटू नये म्हणून माळी हवा. पक्षी भिंतीवर विष्ठा टाकतात, त्यातून पिंपळ उगवतो. बोटाएवढा असताना उपटला तर दोन मिनिटांचं काम, हाताएवढा झाला की गवंडी बोलवा. झटका तारेचंही तसंच. गवत वाढून तारेला टेकलं की वीज जमिनीत जाते आणि झटका कमजोर होतो. विळा घेतलेला माणूस तिथं वेळेवर गेला नाही तर मशीन कितीही महागाचं असो. आणि वादळ आलं की मग विचारूच नका. डिसेंबर २०१६ मध्ये वर्धा चक्रीवादळ चेन्नईवर आलं तेव्हा वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात हजारो झाडं पडली. कुंपणावर आडवं पडलेलं झाड म्हणजे पूल असतो.

आता ती चूक.

आमच्याकडे वाहनतळाच्या कडेनं गुलाबी कण्हेरीची रांग होती, माझ्या आधीपासूनची. जनावरांपासून दूर, म्हणून मी ती राहू दिली होती. छाटणीला नवी टोळी आली. माणसं हिंदी, तेलुगू, ओडिया बोलणारी. मी मुकादमाला बजावून सांगितलं, "कनेर का कचरा अलग, बाहर के गड्ढे में." तो मान हलवून गेला आणि त्यानं सांगितलेलं अगदी चोख केलं. फक्त त्याच्या गावाकडे कनेर म्हणजे पिवळ्या फुलांचं झाड, आपली बिट्टी. तेवढी त्यानं वेगळी काढली. गुलाबी कण्हेरीला त्या दिवसांत फूल नव्हतं. ती इतर पाल्याबरोबर ढिगात गेली. ढीग आतल्या फाटकापाशी दोन दिवस पडून सुकला. चितळांच्या रखवालदाराला वाटलं, आमच्या विभागानं पाला पाठवलाय. त्यानं दोन भारे आत टाकले.

ताजी कण्हेर कडू असते, जनावर सहसा तोंड लावत नाही. सुकली की कडवटपणा उतरतो, विष मात्र उतरत नाही. सकाळी दोन माद्या मेलेल्या सापडल्या. तिसरी बसून होती, मान टाकलेली, ती वाचली. दुपारी डॉक्टरांनी मला बोलावून थाळीत पानाचे तुकडे दाखवले. अरुंद, जाडसर, मधोमध फिकट शीर. त्यांनी काही विचारलं नाही. मला ते पान ओळखायला क्षणही लागला नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं. ओळखणारा मी एकटाच होतो.

मुकादमाला काढून टाका, असं वरून तोंडी आलं. मी लिहून दिलं की सूचना माझी होती आणि ती अपुरी होती. मग नावांचा हा गोंधळ केवढा आहे ते बसून बघितलं. तेलुगूत गन्नेरु म्हणजे कण्हेर. पण देवगन्नेरु म्हणजे आपला चाफा, आणि बिळ्ळगन्नेरु म्हणजे सदाफुली. तमिळ माणूस कण्हेरीला अरळी म्हणतो. तुमच्यापैकी जे बंगळूरला, हैदराबादला, इंदूरला राहतात त्यांना हे भाजीबाजारात रोज भेटतं. तिथं फार तर चुकीची भाजी घरी येते.

त्यानंतर आम्ही नावानं सूचना देणं बंद केलं. सोमवारी सकाळी, प्राणिसंग्रहालय बंद असतं त्या दिवशी, सगळे जमले की मी पाच-सहा फांद्या ठेवायचो, फुलाशिवाय. एकेकानं फांदी उचलायची आणि ती कुठल्या गाडीत जाणार ते दाखवायचं. बोलायचं नाही. लाल पट्ट्याची गाडी आतल्या फाटकातून कधीच जात नाही. आणि जनावरापुढे जाणारी फांदी आमच्या माणसानं स्वतः तोडलेली असावी, रखवालदारानं सही करून घेतलेली असावी. ढिगातून उचललेली चालणार नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांत जास्त चुका पदवी घेऊन आलेल्या मुलांच्या झाल्या. रोपवाटिकेतल्या एक मावशी, सही करतानाही अडखळणाऱ्या, पान चुरडून वास घेऊन सांगायच्या आणि एकदाही चुकल्या नाहीत. त्यांना मी फांद्यांची जबाबदारी दिली. त्यावरही कुरकुर झाली, होऊ दिली.

सोमवार आमचा सर्वांत धावपळीचा. वाघ आत कोंडला, दोन्ही कुलपं रखवालदारानं माझ्या देखत ओढून पाहिली, मगच माळी आवारात. आत जाताना विळे मोजायचे, बाहेर येताना पुन्हा मोजायचे. एकदा एक कमी भरला आणि तो गवतात सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. वाघ तोवर आतच.

त्या गवतावरूनही भांडण असायचं. तक्रारवहीत निम्म्या तक्रारी एकच: पैसे दिले, वाघ दिसला नाही, गवत कापा. मी गवत कापायला कायम नकार दिला. लपायला जागा नसलेला वाघ दिवसभर भिंतीकडेनं येरझाऱ्या घालतो आणि लोकांना वाटतं काय रुबाबात चाललाय. मात्र लोकांचंही चुकत नाही, ते लांबून मुलाबाळांना घेऊन आलेले असतात. मग आम्ही बघायच्या काचेजवळ करंज लावला, खाली माती ओली राहील अशी पाण्याची बारीक नळी सोडली. तीन वर्षांनी सावली पुरेशी झाली. मे महिन्यात वाघीण आपणहून तिथं येऊन पसरायला लागली, काचेपासून दोन हातांवर.

कण्हेरीची रांग काढली का, असं मला नेहमी विचारतात. काढली नाही. धूळ आणि धूर सोसून वाहनतळावर फुलणारं दुसरं झाड मला तेवढं खात्रीचं मिळालं नाही. तिची छाटणी दिवसातलं शेवटचं काम असते, मावशी स्वतः उभ्या राहतात, आणि गाडी आवाराबाहेरून वळसा घालून मागच्या खड्ड्याकडे जाते.