गोदीच्या दारी ट्राम

बंदराची जुनी जमीन मोकळी झाली म्हणजे तीवर काय उभारावे, याची चर्चा प्रत्येक शहरात मोठ्या हिरिरीने होते. त्या जमिनीवर कोणी यावे व कशाने यावे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. मनोऱ्यांची चित्रे छापून येतात, जागांचे भाव चढतात, आणि सरतेशेवटी कोणास तरी आठवण होते की, तेथे काम करणाऱ्या हजारो माणसांस रोज सकाळी तेथवर पोहोचावयाचे आहे. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे हा प्रश्न कसा हाताळला गेला हे मुंबईकर वाचकांनी, विशेषतः व्यापारी वर्गाने, पाहण्याजोगे आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील गोदीची जमीन आज त्याच वळणावर उभी आहे.

डब्लिन शहरातून लिफी नदी वाहते. तिच्या उत्तर तीरावर कस्टम हाऊसपासून समुद्राच्या दिशेने गोद्या, वखारी आणि रेल्वेचे मालधक्के पसरलेले होते. पुढे माल लोखंडी कंटेनरांतून येऊ लागला, यारीने उचलला जाऊ लागला, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसांचे काम संपले. १९८७ सालापासून या ओसाड जमिनीवर बँका व विमा कंपन्यांची वसाहत उठू लागली. तिच्या पाठीमागेच शेरिफ स्ट्रीट ही गोदी कामगारांची जुनी वस्ती. परंतु नव्या वसाहतीने पहिल्या टप्प्यात तिच्याकडे सरळ पाठ फिरविली. काचेच्या इमारतीत लक्षावधींचे व्यवहार आणि भिंतीपलीकडे बेकारी, असा देखावा कित्येक वर्षे राहिला. १९९७ साली गोदीभागासाठी वेगळे प्राधिकरण नेमण्यात आले व त्याच्या आराखड्यात नव्या घरांपैकी पंचमांश घरे सामान्यांच्या आवाक्यातील असावीत असा दंडक घालण्यात आला. दंडक चांगलाच होता; तथापि घर मिळाले तरी शहराशी जोडणारे वाहन हवेच.

ते वाहन २००९ साली आले. शहरात २००४ पासून ‘लुआस’ नावाची विजेची ट्राम धावत होती. लुआस या आयरिश शब्दाचा अर्थ वेग. तिचा तांबडा मार्ग डिसेंबर २००९ मध्ये गोदीभागातून ‘द पॉइंट’ या टोकापर्यंत वाढविण्यात आला. जॉर्जेस डॉक, मेयर स्क्वेअर, स्पेन्सर डॉक आणि द पॉइंट असे चार नवे थांबे झाले. या वाढीव मार्गाच्या खर्चाचा भाग आजूबाजूच्या नव्या बांधकामांवर खास आकार बसवून उभा करण्यात आला, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ट्राम दारात आली म्हणजे जमिनीची किंमत वाढते. ती वाढ मालकाच्या कर्तबगारीची नसते; ती सार्वजनिक पैशाने घडते. तेव्हा तिच्यातील वाटा सार्वजनिक कामी परत घेणे हा सरळ हिशेब झाला, आणि हिशेब जाणणाऱ्या व्यापाऱ्यास तो पटण्यास हरकत नसावी.

मौज ही की, ट्राम सुरू झाली ती नेमकी मंदीच्या ऐन तडाख्यात. जानेवारी २००९ मध्ये अँग्लो आयरिश बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली होती, आणि नदीकाठी तिच्या मुख्य कचेरीचा अर्धवट सांगाडा उभा होता. नव्या ट्रामगाड्या अशा निर्जन भागातून धावू लागल्या. पैसा वाया गेला अशी हाकाटी अशा वेळी होतेच. परंतु रूळ मंदीत वितळत नाहीत. तोच सांगाडा पुढे आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने विकत घेतला, व २०१७ साली ती बँक तेथे राहावयास गेली. तेव्हा तिच्या कारकुनांसाठी जवळच ट्राम तयारच होती.

आता हा थांबा वापरतात कसा ते पाहू. त्याला दरवाजा नाही, तिकीटखिडकी नाही, गाडीत कंडक्टर नाही. रस्त्यालगत बेताच्या उंचीचा फलाट असतो. गाडीच्या दारापाशी तळ व फलाट एकाच पातळीत येतात. त्यामुळे चाकांच्या खुर्चीवरील माणूस, बाळाची गाडी ढकलणारी आई किंवा काठी टेकणारा वृद्ध कोणाचा हात न धरता आत शिरतो. उतारूने चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्राला आपले कार्ड लावावयाचे आणि उतरल्यावर पुन्हा लावावयाचे. कार्ड नसल्यास तेथेच यंत्रातून तिकीट घ्यावयाचे. पुढली गाडी किती मिनिटांत येईल हे पाटीवर दिसते. नवख्याने एक सावधगिरी बाळगावी. शहरातून येणाऱ्या सर्वच गाड्या गोदीकडे जात नाहीत; काही कॉनोली स्टेशनाकडे वळतात. तेव्हा गाडीच्या कपाळावरील नाव वाचूनच चढावे. थांब्यांची नावे आयरिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिलेली व पुकारलेली असतात. घरी आयरिश बोलणारे लोक डब्लिनात मोजकेच. तरी तिला पाटीवर जागा आहे. फुकट्या उतारूस तपासनीस गाठतो व जबर दंड करतो. पण मुळात व्यवस्था विश्वासावर चालते. बँकेचा अधिकारी आणि शेरिफ स्ट्रीटवरील मोलकरीण एकाच फलाटावर, एकाच दराने, एकाच गाडीची वाट पाहतात. भिंतीने जे तोडले होते ते निदान तेवढ्यापुरते तरी जोडले गेले.

डब्लिनला ट्राम काही नवी नव्हे. १९१३ साली ऑगस्टच्या २६ तारखेस तेथील ट्रामवाल्यांनी गाड्या भर रस्त्यात सोडून दिल्या, आणि त्यातून मालक व मजूर यांचा तो प्रसिद्ध झगडा पेटला. गोदीतील मजूर त्यात ट्रामवाल्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे मोटारीचे युग आले, व १९४९ साली शहरातील शेवटची ट्राम बंद झाली. जे मोडीत काढले तेच पंचावन्न वर्षांनी दामदुपटीने पुन्हा उभारावे लागले.

मुंबईनेही हेच केले. १८७४ साली घोड्यांची व १९०७ साली विजेची ट्राम येथे सुरू झाली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी झाली. २०१७ साली फ्लोरा फाउंटनजवळ खोदकामात जुने रूळ सापडले तेव्हा लोक ते पाहावयास जमले. आमच्या शहरात ट्राम आता पाहण्याची वस्तू झाली आहे.

१८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आजच्या मुंबई बंदर प्राधिकरणाची, माझगाव, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या पट्ट्यात अफाट जमीन आहे. तिचे पुढे काय करावे यासाठी २०१४ साली समिती बसली, आराखडेही झाले. प्रत्यक्षात मात्र या पट्ट्यावर आधी आले ते मोटारींचे रस्ते. २०१३ साली पूर्व मुक्तमार्ग सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून समुद्रावरून जाणारा अटल सेतू खुला झाला. दोन्ही कामे स्थापत्याच्या दृष्टीने मोठीच. पण दोहोंवर पायी माणसास व दुचाकीस मज्जाव आहे. दारूखान्यातील लोहार, लाकडाच्या वखारीतला हमाल, शिवडीची शाळकरी मुलगी यांच्या डोक्यावरून ही वाहतूक निघून जाते. तिला येथे थांबण्याचे कारणच नाही.

रूळ घालताना रस्ता खणावा लागेल, दुकानापुढे मालाची लॉरी उभी राहणार नाही, वर्ष-दोन वर्षे धंदा बसेल, अशी तक्रार व्यापारी बंधू करतील. ती खोटी नाही, आणि त्या काळापुरती नुकसानभरपाई ठरवून देणे योग्यच होईल. परंतु पदपथावरून येणारे गिऱ्हाईक मुक्तमार्गावरून कधीही खाली उतरत नाही, हेही त्यांनी ताडून पाहावे.

सुरुवात लहान असली तरी चालेल. हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्टेशनापासून भाऊच्या धक्क्यापर्यंतचे अंतर ते किती! तेथून मोरा, रेवस व मांडव्याच्या बोटी सुटतात. पहाटे तेथे मासळी उतरते. आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणी लॉऱ्यांच्या गर्दीतून वाट काढीत चालतात. या एवढ्या मार्गावर ट्राम घालावी, तिचा फलाट गाडीच्या तळाशी समपातळीत असावा, पाटीला गाडीत जागा असावी, आणि खर्चाचा वाटा त्या जमिनीवर प्रथम बांधकाम करू इच्छिणाऱ्याकडून, त्याच्या इमारतीचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी, करारात लिहून घ्यावा.