पोट बिघडलंय की थायरॉईड?

पोट बिघडलं की आपल्याकडे दोष ठरलेले असतात: लग्नातलं सावजी जेवण, उन्हाळ्यातलं पाणी, नाहीतर जंत. दोन दिवसांत बरं वाटलं तर प्रश्नच नाही. पण महिना-दोन महिने दिवसातून चार-पाच वेळा शौचास जावं लागत असेल आणि भूक चांगली असूनही वजन घटत असेल, तर मूळ कारण गळ्यातही असू शकतं.

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिची टी-३ आणि टी-४ ही संप्रेरकं शरीराच्या कामाचा वेग ठरवतात. ती जास्त झाली की छाती धडधडते, घाम येतो, हात थरथरतात, झोप लागत नाही. आतड्यांचाही वेग वाढतो. अन्न भराभर पुढे सरकतं, तेल-तूप पूर्ण पचत नाही. म्हणून वारंवार सैल, कधी तेलकट शौच होतं. काहींना मळमळ, उलट्याही होतात. शौचातून रक्त जात असेल तर मात्र कारण वेगळं असतं. ते वेगळं तपासावं.

वयस्क माणसांत चित्र उलटंही दिसतं. भूक मरते, बद्धकोष्ठ होतो, माणूस गप्प बसून राहतो. घरचे म्हणतात, वय झालं.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बराच जास्त आढळतो, आणि घरातली बाई स्वतःचं दुखणं सर्वांत शेवटी सांगते. पाळी बिघडली, केस गळाले, चिडचिड वाढली की ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिलं जातं. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल जास्त आढळतो, त्यामुळे अशक्तपणा आला की आधी तोच संशय येतो. ती तपासणी करावीच. सोबत थायरॉईडचीही करावी.

तपासणी साध्या रक्ताची आहे. या आजारात टीएसएच कमी आणि टी-३, टी-४ जास्त येतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. त्यांच्यामुळे अहवाल चुकू शकतो. मेडिकल किंवा मेयोच्या मेडिसिन ओपीडीत दाखवता येतं.

उपचारात बहुधा कार्बिमाझोल देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, पण संप्रेरकं ताब्यात आली की पोटही शांत होतं. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका. गोळी चालू असताना ताप आणि घसा दुखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून पांढऱ्या पेशी तपासून घ्या. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही सांगा. खूप ताप, जोराची धडधड, उलट्या-जुलाब आणि असंबद्ध बोलणं एकत्र दिसलं तर रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्या.

वर्षावासात अनेक उपासक-उपासिका अष्टशील घेऊन दुपारी बारानंतर जेवत नाहीत. ज्यांचं वजन घटत आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे करावं, आणि औषध त्या दिवशीही चुकवू नये. देह झिजवण्याचा अतिरेक तथागतांनी स्वतः अनुभवून सोडला आणि मध्यम मार्ग दिला. आजारी माणसासाठी वेळेवरचं जेवण आणि वेळेवरची गोळी हाच तो मार्ग आहे.